पदातले यमक

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोलायचे, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे वडिलांचे दुखणे आले आणि दप्तर खुंटीला लागले ते लागलेच. अशा बाईने व्यासपीठावर उभे राहून काय सांगावे? पण चिटणीसबाई म्हणाल्या, "गेल्या वर्षी आपल्या नाटिकेची पदे तुम्हीच लिहिलीत ना? मग ती कशी लिहिलीत एवढेच सांगा." त्यांना वाटते तितकी ती सहज लिहिली गेली नाहीत. त्यात माझी एक चूक झाली, आणि त्या चुकीमुळे एक फार जुनी चूक कळून आली. तेच आज सांगणार आहे. कुठे चुकले तर पदरात घ्या.

पद म्हटले की पहिल्यांदा यमक आठवते. यमक म्हणजे ओळींच्या शेवटी सारखा आवाज जुळणे. आपल्यापैकी पुष्कळजणी पहाटे उठून गजरे करतात, म्हणून गजऱ्याचेच उदाहरण देते. मोगऱ्याच्या कळ्या कितीही टपोऱ्या असोत, केळीच्या सोपाच्या दोऱ्याने गाठ मारली नाही तर त्या दादरच्या बाजारापर्यंत पोचणार नाहीत. पण गाठच तेवढी दिसू लागली तर तो गजरा कोणी डोक्यात माळणार नाही. यमक हे त्या गाठीसारखे आहे. त्याने ओळ धरून ठेवावी आणि आपण मागे राहावे.

यमकाची आवड आपल्याला नाटकवाल्यांनी लावली असे मात्र नाही. ज्ञानेश्वरीच्या ओवीत पहिल्या तीन चरणांचे यमक जुळते आणि चौथा लहानसा चरण मोकळा राहतो. मोठ्या अभंगाचे चार चरण असतात, सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्याचे यमक जुळते. मोरोपंतांच्या आर्या घेतल्या तर त्यांत यमक चुकायचे नावच नाही. वामनपंडितांना तर लोक 'यमक्या वामन' म्हणत. आणि जात्यावर बसणाऱ्या बाईला अक्षरओळख नसे, तरी तिच्या ओवीचे दुसरे टोक पहिल्याला बरोबर गाठत असे. कीर्तनाला बसलेल्या, दळणाला बसलेल्या माणसांचा कान असा आधीच तयार होता.

त्या तयार कानांपुढे अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात 'शाकुंतल' उभे केले. पुढे 1882 साली 'सौभद्र' आले. त्यांत साकी आहे, दिंडी आहे, कीर्तनातल्या, लावणीच्या, कर्नाटकी आणि बायकांच्या गाण्यांच्या चाली आहेत. लोकांना नाटक नवे होते, पण पदाची घडण ओळखीची होती. मला वाटते, ती पदे लोकांच्या तोंडी बसली याचे एक कारण हेच.

आता विचार करा, नाटकातल्या पदाला यमक इतके का लागते? पुस्तकातली कविता कळली नाही तर आपण मागे जाऊन पुन्हा वाचतो. नाटकात मागे जाता येत नाही. पुढे पेटी वाजते, तबला वाजतो, मागच्या रांगेत कोणाचे पोर रडते. अशात शब्द एकदाच कानावरून जातो. तेव्हा ओळ कुठे संपली आणि आता काय येणार, हे कानाला यमक सांगते. एक शब्द ऐकू आला नाही तरी यमकावरून तो ओळखता येतो. पूर्वी थिएटरात पदांच्या छोट्या पुस्तिका विकत मिळत. माझ्या वडिलांच्या ट्रंकेत तशा दोन-तीन होत्या, पाने पिवळी पडलेली. वडिलांना नाट्यसंगीताचा मोठा नाद. आकाशवाणीवर पद लागले की हातातले काम ठेवीत, आणि मला पुस्तिका उघडून बोट ठेवायला लावीत. शाळा सुटल्यावर माझे वाचन टिकले ते त्या पुस्तिकांमुळे.

एवढ्या पुंजीवर मी नाटिकेची पदे लिहायला बसले. नाटिकेचा विषय आपण साऱ्यांनी मिळून ठरवला होता. एका घरात वाडी विकायची की ठेवायची असा प्रश्न पडला आहे. मुलगा म्हणतो विकू, सून गप्प आहे, आणि म्हातारी सासू विहिरीपाशी बसून एक पद म्हणते. हा विषय आपल्यापैकी कोणाच्या घरचा नाही? म्हणून मला वाटले, पद सोपेच जाईल. लिहिताना तीन गोष्टी शिकले. त्या नव्या लिहिणारणींच्या उपयोगी पडतील म्हणून क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट स्वस्त यमकाची. आपल्या मराठीत वाक्याच्या शेवटी क्रियापद येते. त्यामुळे 'आला, गेला, केला', 'येते, जाते, गाते' अशी जोडी न मागता हाती लागते. तसेच 'घराला, दाराला, बाजाराला'. पहिल्या दिवशी मी अशा सोळा ओळी लिहिल्या आणि फार खूश झाले. दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचल्या तर भाजीवाल्याचा हिशेब वाचल्यासारखे वाटले. यातले पुष्कळसे तर खरे यमकही नव्हे. 'वाडीला' आणि 'घराला' यांत नुसता 'ला' जुळतो. 'वाडीला' आणि 'गाडीला' म्हटले की त्याच्या मागचेही जुळते, तेव्हा कान मान डोलावतो. शेवटच्या अक्षराबरोबर त्याच्या आधीचा स्वर जुळला पाहिजे, एवढी खूण लक्षात ठेवावी. आणि क्रियापद ओळीच्या पोटात ढकलून शेवटी एखादी वस्तू, एखादे नाव ठेवता आले तर पाहावे. वस्तू डोळ्यांपुढे राहते, 'गेली' आणि 'आली' राहत नाही.

दुसरी गोष्ट तोंडाची. पद वाचायचे नसते, म्हणायचे असते. 1911 साली 'मानापमान' आले. त्याला गोविंदराव टेंब्यांनी हिंदुस्थानी गाण्यातल्या ठुमरी वगैरे चिजांच्या चाली दिल्या आणि काकासाहेब खाडिलकरांनी त्या चालींवर शब्द बसवले. म्हणजे अंगरखा आधी शिवून तयार, माणूस मागून त्यात घालायचा. त्यांच्या काही पदांतले शब्द अवघड आहेत असे जाणकार म्हणतात, पण गाणाऱ्याच्या गळ्याला ते सोयीचे झाले, हे बालगंधर्वांच्या आवाजातल्या जुन्या तबकड्या ऐकल्या की कळते. आता तर त्या मोबाइलवरही ऐकता येतात. ऐकताना एवढेच पाहा, की तान जिथे घ्यायची तिथे कोणते अक्षर आहे. 'आ' असेल तर तोंड उघडे राहते आणि आवाज मोकळा होतो. मी एका ओळीच्या शेवटी 'घाम' लिहिले होते. आपल्या पेटी वाजवणाऱ्या ताई म्हणाल्या, "अहो, 'म'वर ओठ मिटतात, सूर लांबवू कुठे?" तेव्हा 'घाम' पुसला. वाईट वाटले, कारण शब्द खरा होता. पण गळ्याचेही ऐकावे लागते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि मला सगळ्यांत उशिरा कळलेली. यमक कवीचे नसते. पद ज्याच्या तोंडी आहे त्याचे ते असते.

गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा' 1899 साली रंगभूमीवर आले. म्हाताऱ्या भुजंगनाथाशी लहान मुलीचे लग्न लावू पाहणाऱ्या बापाची ती गोष्ट. पुढे 1929 साली बालविवाहाविरुद्ध कायदा झाला त्याला लोक 'शारदा कायदा' म्हणू लागले. तो खरा हरबिलास सारडा यांच्या नावाचा, पण आपल्या लोकांना नाटकातली शारदाच आठवली. माझ्या मते त्याचे थोडे श्रेय देवलांच्या पदांना आहे. शारदा, तिच्या मैत्रिणी, तिची आई ज्या शब्दांत पदे म्हणतात ते स्वयंपाकघरातले, अंगणातले शब्द आहेत. यमक आहे, पण ते त्या पोरींच्या खेळातून आल्यासारखे आहे. देवल काही अडाणी नव्हते. संस्कृत नाटकांवरून त्यांनी मराठी नाटके केली होती. जड शब्द येत असूनही त्यांनी ते त्या मुलीच्या तोंडी घातले नाहीत.

उलट विद्याधर गोखल्यांचे 1960 सालचे 'पंडितराज जगन्नाथ' घ्या. त्यात शब्दांची नुसती आतषबाजी आहे, ओळीच्या पोटातही यमके आहेत. पण तिथे ती शोभतात, कारण नायकच संस्कृताचा महाकवी आहे. तो साधा बोलला असता तर उलट खटकले असते.

आणखी एक उदाहरण 'एकच प्याला'चे. राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी वारले आणि नाटक त्यांच्या मागून त्याच वर्षी रंगभूमीवर आले. त्यातली पदे वि. सी. गुर्जरांची. म्हणजे सिंधूचे बोलणे एकाने लिहिले आणि तिचे गाणे दुसऱ्याने. तरी पाहणाऱ्याला सिंधू एकच वाटते. दारुड्या नवऱ्याच्या घरात दळण दळणाऱ्या बाईने जे म्हणावे त्याच्या पलीकडे तिचे गाणे जात नाही. दुसऱ्याने निर्माण केलेल्या बाईच्या तोंडी शब्द घालताना गुर्जरांनी किती कान लावून ऐकले असेल!

बायकाही यात मागे नव्हत्या, हे आपल्या मंडळात सांगितलेच पाहिजे. सावंतवाडीकडच्या हिराबाई पेडणेकरांनी 'जयद्रथ विडंबन' आणि 'संगीत दामिनी' ही नाटके लिहिली. संगीत नाटक लिहिणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांचे नाव घेतात. नाटकात बायकांची कामे पुरुष करीत त्या काळी एका बाईने बायकांचे शब्द लिहिले, याचे मला फार अप्रूप वाटते.

हे सारे मला माहीत होते. तरी चूक झाली ती ऐका. सासूचे पद लिहिताना मी 'वाडी' हा शब्द ओळीच्या शेवटी ठेवला. मग यमक शोधत बसले. गाडी, माडी, साडी. गाडी म्हातारीला कशाला? माडी घराला नाही. राहिली साडी. म्हणून लिहिले,

लाभली सासरी मजला केळीची ही वाडी,
सणासुदीला धन्याने घेतली जरीची साडी.

यमक चोख होते. तालमीत सगळ्यांनी टाळ्या दिल्या. घरी येऊन मी सासूबाईंना ऐकवले. त्यांना आता कमी ऐकू येते. ओळीच्या शेवटचा शब्द तेवढा नीट पोचतो आणि त्यावरून त्या मागचे जुळवतात. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "साडी कुणी मागितली गं?"

मी म्हटले, "आई, ते यमकासाठी आहे."

त्या म्हणाल्या, "वाडी जाते आहे, आणि म्हातारी साडीची आठवण काढते. लोक म्हणतील, हिला साडी घेऊन द्या आणि वाडी विका."

भगिनींनो, मला उत्तर सुचले नाही. वाडीसाठी अडून बसलेल्या बाईला मी एका यमकापायी साडीवर भुलणारी करून टाकले होते. कागदावर एक शब्द जुळला आणि माणूस खोटे झाले.

त्या रात्री मला वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. मी नवीन लग्न होऊन आले होते. सासूबाई काम करता करता ओव्या म्हणत. त्यांच्या तरुणपणी आमच्या विहिरीला बैलाचा रहाट होता, तेव्हाची त्यांची एक ओवी होती,

विहिरीच्या काठावरी रहाट माझा बोले,
बैल फिरे गोल गोल, माझे दिवस सरले.

मी सातवी शिकलेली, पदांच्या पुस्तिका वाचलेली. मला वाटले, 'बोले'ला 'सरले' जुळत नाही. मी लगेच म्हटले, "आई, यमक चुकले. 'केळीचे पान डोले' असे म्हणा, बरोबर बसेल." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तू शिकलेली, तुझे बरोबर असेल." त्यानंतर त्यांनी माझ्या देखत ओवी म्हटली नाही. मला ते कळलेही नाही. वाटले, वय झाले, आवड कमी झाली.

आता बघा, मी काय केले होते. बैलामागे फिरता फिरता एका बाईचे तरुणपण संपले हे तिने दोन ओळींत सांगितले, आणि मी ते काढून तिथे केळीचे पान डोलवत ठेवले. माझे यमक बरोबर, तिचे चुकलेले. पण तिची ओवी खरी होती.

आपल्यातल्या काहीजणींनी पु. ल. देशपांड्यांची 'ती फुलराणी' पाहिली असेल. 1975 साली आलेले ते नाटक. शॉ नावाच्या आयरिश लेखकाच्या ज्या नाटकावरून ते केले, त्याच नाटकावरून 1956 साली अमेरिकेत 'माय फेअर लेडी' हे गाण्यांचे नाटकही झाले. दोन्हींत गोष्ट एकच. एक प्राध्यापक फुले विकणाऱ्या पोरीची बोली सुधारायला घेतो, पण तिच्या मनाची त्याला खबर नसते. आपण त्याला हसतो. मी मात्र तो प्राध्यापक आमच्याच ओटीवर बसलेला पाहिला, आणि त्याने माझेच लुगडे नेसले होते.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंच्या शेजारी बसले. म्हटले, "आई, त्या वेळी मी चुकले. ती रहाटाची ओवी पुन्हा सांगा." त्यांनी सांगितली. मी म्हटले, "आणखी सांगा." बोटे मोजत मोजत त्यांना दहा-बारा आठवल्या. पूर्वी लग्नघरात हळदीच्या रात्री त्यांच्या ओव्या संपत नसत, असे जावा सांगतात. बाकीच्या कुठे गेल्या? वीस वर्षे तोंडात आल्या नाहीत, त्या गेल्या. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. पण तो मी स्वतःला लावला आहे आणि आज तुमच्यापुढे कबूल करते.

मग नाटिकेचे पद नव्याने लिहिले. 'वाडी' हा शब्दच ओळीच्या शेवटून काढला. म्हातारी काय पाहते, याचा विचार केला. वाडी विकायची म्हणजे मोजणी येते. म्हणून लिहिले,

गुंठे मोजा, झाडे मोजा, घेऊन हाती साखळी,
पाणी माझे कोण मोजी, ओंजळ माझी मोकळी.

इथे 'साखळी'ला 'मोकळी' आणण्यासाठी मला कोणाला खोटे पाडावे लागले नाही. वाडीला जन्मभर पाणी घालणाऱ्या बाईची ओंजळ शेवटी मोकळीच असते. पेटीवाल्या ताईंनाही 'ई'वर सूर धरता आला. सासूबाईंना ऐकवले, तेव्हा त्यांनी शेवटचा शब्द पकडला आणि म्हणाल्या, "साखळी आणली होती खरी. मी नवी नवरी होते तेव्हा मोजणीवाले आले होते." पद बरे झाले की वाईट, ते काही बोलल्या नाहीत. मला तेवढे पुरले.

नाटिकेच्या सुरुवातीला आपण रहाटाची ओवी घेतली, ती त्यांच्याच शब्दांत, 'सरले'सकट. प्रयोगाला त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. ओवी सुरू झाली तेव्हा त्यांचे ओठ हलताना मी पडद्याआडून पाहिले. बाहेर आवाज ऐकू आला नाही. आमच्या घरी वाडीचा प्रश्न अजून सुटलेला नाही, तेही सांगून टाकते. त्याचे उत्तर कोणत्याही यमकात सापडणार नाही. पण त्या पदानंतर माझ्या घरच्या पुरुषमाणसांनी एकदा आईंना विचारले, "तुला काय वाटते?" पूर्वी कोणी विचारले नव्हते.

तेव्हा भगिनींनो, पद लिहिताना यमक जरूर जुळवा. ऐकणाऱ्याला त्याचा आधार लागतो. क्रियापदांच्या स्वस्त जोड्या टाळा, गाणारणीच्या तोंडाची सोय पाहा. पण यमक जुळले की लगेच लेखणी खाली ठेवू नका. ज्या बाईच्या तोंडी ते घातले तिला एकदा ऐकवा. ती जर म्हणाली, "साडी कुणी मागितली?" तर ती ओळ पुसा, कितीही गोड असली तरी.

आणि एक विनंती आहे. मंडळाने एक वही घालावी. आपापल्या घरातल्या सासूबाईंच्या, आजेसासूबाईंच्या, आईच्या ओव्या प्रत्येकीने त्यात उतरवून आणाव्यात. त्या सांगतील तशाच लिहाव्यात. 'वाडीमधी' म्हटले तर 'वाडीमध्ये' करू नये, यमक हुकले तर हुकलेलेच राहू द्यावे. त्या वहीचे पहिले पान मी भरून आणले आहे. त्यावर बारा ओव्या आहेत. जास्त हव्या होत्या, पण उशीर माझ्याकडून झाला. तुमच्याकडून होऊ नये.